गाडी नाकासमोरच लागेल

मात्सुए, ९ मार्च

चि. सायोको,

जिन्चोगेचं झुडूप फुललं. आवाराच्या टोकाला, नोत्सुबाईंच्या खिडकीखाली, तुझ्या आईनं लावलेलं. आज सकाळी दार उघडलं तर वास आधी आत आला आणि थंडी त्याच्या मागून.

मला ठाऊक आहे, हे वाक्य तू गाळून पुढं जाणार. कॉलेजात होतीस तेव्हाही माझ्या पत्रातला ऋतू गाळून थेट ‘पार्सल पाठवलं आहे’ या ओळीवर उडी मारायचीस. पण पत्राला आधी ऋतू लागतो. आमचे यासुगी गुरुजी म्हणायचे, ऋतू न सांगता मुद्द्यावर येणारा माणूस म्हणजे बूट न काढता घरात शिरणारा माणूस.

तर ऋतू झाला. बूटही काढले. आता मुद्दा.

तू पाठवलेलं पत्रक पोचलं. ‘वाहन परवाना स्वेच्छेने परत करा.’ वर एका हसऱ्या आजोबांचं चित्र, हातात फुलांचा गुच्छ, जणू म्हातारपणी लग्नच ठरलंय त्यांचं. परत करणाऱ्याला टॅक्सीत सवलत मिळते म्हणे. पाकिटात पत्रक होतं, तुझी एक ओळही नव्हती. गेल्या ऑगस्टपासून नाही. आईच्या पहिल्या ओबोनला, पितरांच्या त्या सणाला, तू चहा अर्धा टाकून उठलीस, निरोपाचा जाळ पेटायच्या आधी स्टेशन गाठलंस, आणि तेव्हापासून माझ्याशी बोलतेस ती नोत्सुबाईंच्या फोनवरून. तू त्यांना विचारतेस, त्या मला विचारतात, मी त्यांना सांगतो, त्या तुला सांगतात. खालच्या मजल्यावरच्या एका साध्या बाईला तू दोन देशांमधली दुभाषी करून टाकलीस.

तुझं म्हणणं एकच. बाबांनी चिबाला माझ्याकडं राहायला यावं. सहा तातामी चटयांची खोली आहे, स्टेशन जवळ आहे, गाडीची गरज पडत नाही.

माझं म्हणणंही एकच. नाही.

इथं बस सकाळी एक आणि संध्याकाळी एक. तुझ्या आईची कबर टेकडीवरच्या देवळात. मासळीबाजार तळ्याच्या पलीकडं. आमची कवितेची बैठक त्याहून पलीकडं. परवाना गेला की गाडी गेली, गाडी गेली की मात्सुए गेलं. हे तुला पुरतं कळतं. म्हणूनच तू फांदी सोडून मुळावर घाव घालतेस. सरकारी नोकरीत तुझं भलं झालं ते उगीच नाही.

आता राहिलं तुझ्या कानावर गेलेलं. हो, मी गाडी तोंड पुढं करून लावतो. आवारातल्या बाकी सगळ्या गाड्या मागं मागं सरकत आत शिरतात आणि प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या पोरांसारख्या तोंड बाहेर करून उभ्या राहतात. रांगेत एकट्या माझ्या गाडीची पाठ दिसते. त्यावरून रहिवासी मंडळाच्या बैठकीत जे झालं ते नोत्सुबाईंनी तुला सौम्य करून सांगितलं असणार. मी खारट सांगतो.

अध्यक्ष कोण, तर आगो. माझ्याच बाकावर बसून ज्यानं सहा वर्षं काढली तो. गुरुजी कविता म्हणायला उभं करायचे तेव्हा याला दुसरी ओळ कधी आठवायची नाही. मी खालून पुटपुटायचो आणि हा शाबासकी घ्यायचा. तोच आता सगळ्यांसमोर म्हणतो,

“कादोवाकी, आडवळणं कशाला? मान वळत नाही म्हण ना सरळ!”

“मान वळते,” मी म्हटलं. “फक्त तुझ्याकडं बघायला वळत नाही.”

“चाळीस वर्षं मिठाईवाल्याची गाडी हाकलीस म्हणे.”

“हाकलीच. आणि एका मोचीच्या लाडवाला पोचा आला नाही. तुझ्या गाडीला मात्र दर नव्या वर्षी नवा पोचा. तो काय शुभशकुन म्हणून पाडून घेतोस?”

लोक हसले. आगोही हसला, पण कान लाल झाले. लहानपणीही आधी कानच व्हायचे.

कारण ऐकायचं तर ऐक. मागून आत शिरलं की धुराचं नळकांडं थेट जिन्चोगेच्या तोंडात जातं. हे झाड हट्टी आहे. एकदा रुजलं की हलवता येत नाही, हलवलं की मरतं. मग झाडानं सरकायचं की गाडीनं वळायचं? मी वळवली.

तुझं पत्रक परत पाठवत नाही. त्याची पाठ कोरी होती. हे पत्र त्यावरच लिहिलंय.

बाबा


मात्सुए, २४ मार्च

चि. सायोको,

तळ्यावरचं धुकं आता सकाळी उशिरापर्यंत उठत नाही. शिजिमी शिंपल्यांच्या होड्या त्यात शिरतात आणि नुसते बांबूच पाण्यावर चालताना दिसतात. (झाला ऋतू.)

काल रविवारी आवारातलं गवत उपटायचा कार्यक्रम होता. सगळे हातमोजे घालून, डोक्याला टॉवेल बांधून उकिडवे बसलेले. माझ्या मनात भलतंच चाललं होतं. शाळेच्या पटांगणात असंच बसून गवत उपटायचो आणि गुरुजी मागून नदीची ती लांबलचक कविता म्हणायचे. एका कडव्याला एक मूठ गवत. मी कडव्यात इतका गुंगायचो की माझ्या वाटचं गवत तसंच राहायचं. कालही तेच झालं. आगो डोक्यावर येऊन उभा.

“स्वप्न बघतोस का रे? तुझा कोपरा तसाच आहे.”

“कडवं चाललंय.”

“कडवं सोड. सगळे जमलेच आहेत, तर गाडी एकदा मागून लावून दाखव. तुझाही प्रश्न मिटेल, माझाही. मी स्वतः मागं उभा राहतो. ओराई, ओराई, येऊ दे, येऊ दे म्हणतो. झालं?”

त्याच्या त्या लाल हातमोज्यानं त्यानं हवेत हात हलवूनसुद्धा दाखवला, जणू मालवाहू ट्रकच बोलावतोय. चार जणांनी टाळ्या वाजवल्या. नोत्सुबाई खुरपं घेऊन जमिनीकडं बघत राहिल्या.

मी म्हटलं, “तुझ्या ओराईवर मी मागं येणार नाही.”

“का? माझ्या आवाजाला काय झालं?”

“काही झालेलं नाही. पण येणार नाही.”

आता यावर तू म्हणशील, बाबा, यात झाडाचा काय संबंध? एकदा लावून दाखवल्यानं झाड मरत नाही. खरं आहे, मरत नाही. पण मी लावणार नाही म्हटलं ना? पुरे.

उलट मी त्यांनाच एक दाखवलं. तुझ्या आईचा पांढरा रुमाल काठीला बांधून जिन्चोगेच्या फांद्यांत खोचला. शेजारच्या जागेत आगोची ती डिझेलची जुनी गाडी मागून येऊन उभी राहते. संध्याकाळपर्यंत रुमालावर राखाडी चंद्र उगवला. तो तसाच नेऊन सूचनाफलकावर टाचला. खाली माझ्या दोन ओळी:

पांढऱ्या रुमालावर
अध्यक्षांची सावली.

आज बघतो तर रुमाल धुऊन, इस्त्री करून माझ्या टपालपेटीत. आगोची बायको भली आहे. डाग मात्र गेला नाही.

नोत्सुबाई सांगत होत्या, तू विचारलंस, बाबांचं जेवण नीट आहे का. आहे. शिंपल्यांचं सूप, भात आणि स्वाभिमान.

बाबा


मात्सुए, २६ एप्रिल

चि. सायोको,

साकुराचा बहर संपला. या वर्षी मला तो फुलताना दिसलाच नाही, नुसता झडताना दिसला. भांडणात ऋतू असाच निघून जातो.

आधी चांगली बातमी. परवाना नव्या मुदतीचा करून घ्यायचा म्हणून म्हाताऱ्यांच्या वर्गाला बसलो. आधी स्मरणशक्ती. चित्रं दाखवतात, मग मधेच भलतंच काम देतात आणि मग विचारतात, काय काय पाहिलंत? बाकीचे कपाळाला हात लावून बसले. मी चित्रांची कविताच करून टाकली होती. बेडकानं पियानो वाजवला, कुऱ्हाडीला झोप आली, पंख्यानं तिच्या अंगावर चादर घातली. सगळी जशीच्या तशी आली. बाई म्हणाल्या, कादोवाकीसान, काही औषध घेता का? मी म्हटलं, लहानपणी यासुगी गुरुजींच्या छड्या घेतल्यात.

मग गाडी चालवून दाखवायची. उजवीकडं वळा, डावीकडं वळा, थांबा, कट्ट्यावर चाक चढवून तिथंच रोखा. सगळं केलं. आणि ऐक, मागं घ्या असं कोणी म्हटलंच नाही! म्हाताऱ्यानं पुढंच जावं असं सरकारलाही वाटतं. तुलाच तेवढं वाटत नाही.

आता वाईट. मंडळाच्या वार्षिक सभेत आगोनं ठराव आणला: आवारात सर्व गाड्या मागून आत लावाव्यात, बाहेर पडताना येणारे-जाणारे दिसतात, सुरक्षा वगैरे. मी उठलो. म्हटलं, “तुम्ही सगळे येताना उलटे येता आणि जाताना सुलटे जाता. मी येताना सुलटा येतो आणि जाताना उलटा जातो. हिशेब सारखाच. मग सुरक्षा तुमच्याच खिशात कशी?”

मागून कोणीतरी म्हणालं, “आजोबा, आत जागा मोकळी असते, बाहेर माणसं असतात.”

ते बरोबर होतं, त्यामुळं मी ते ऐकलं नाही.

ठराव मंजूर झाला. विरोधात मी आणि नोत्सुबाई. त्यांचा हात अर्धाच वर होता, खांदा दुखतो म्हणून. पण मी तो पूर्ण धरतो.

मग आगोनं कागद न बघता, माझ्याकडं बघून सांगितलं. जो नियम पाळणार नाही त्याची जागा काढून प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला दिली जाईल. तुला सांगायला नको, जागेचा दाखला नसेल तर गाडी ठेवता येत नाही. म्हणजे तू चिबाहून जे करू शकली नाहीस ते हा दोन जिने उतरून करणार.

सभा संपल्यावर बाहेर चपला घालताना मात्र तो हळूच म्हणाला, “शुन्झो, अरे एकदा दाखव ना. एकदाच. मग तुझी जागा मी मरेपर्यंत कोणाला हलवू देणार नाही, झाडाचं निमित्त लिहून घेतो. मला नुसतं कळू दे की तुला जमतं. त्या आवारात पोरंबाळं असतात रे.”

सभेत मी कादोवाकी असतो. चपला घालताना शुन्झो. मी चपला उलट्या पायात घातल्या आणि तसाच घरी आलो.

नाही दाखवणार. तुला कळव म्हणून कोणी सांगितलेलं नाही, मीच कळवतोय. तुझ्या बाजूचे लोक जिंकत चाललेत. आनंद झाला असेल तर साकेचा एक पेला घे. आईच्या फोटोसमोर मात्र घेऊ नकोस.

बाबा


मात्सुए, ७ मे

सायोको,

आज ऋतू नाही. तू इथून काल गेलीस. ऋतू तू पाहिलास.

न सांगता आलीस. विमानतळावरून भाड्याची निळी गाडी घेऊन थेट आवारात. मी खिडकीतून पाहिलं, पाहुण्यांच्या जागेत कोणीतरी एका दमात, एकदाही पुढं न घेता, गाडी मागून आत घातली. मनात म्हटलं, हा कोण पट्टीचा ड्रायव्हर! दार उघडून तू उतरलीस. तुला तसं लावायला मीच शिकवलं होतं, याच आवारात, शिंपल्यांच्या रिकाम्या टोपल्या मांडून. विसरलो होतो.

तू चहासुद्धा घेतला नाहीस. उंबऱ्यावरूनच म्हणालीस, “बाबा, किल्ली घ्या.”

“कशाला?”

“मागून लावून दाखवा. मला. जमलं तर परवान्याचं नाव पुन्हा काढणार नाही. चिबाचंही नाही. नाही जमलं तर उद्या माझ्याबरोबर पोलीस ठाण्यात.”

“आणि नाहीच लावली तर?”

“मग मी समजायचं ते समजेन.”

तू तुझ्या आईसारखी बोलत नाहीस. ती असं कधी कोंडीत धरायची नाही. तू माझ्यासारखी बोलतेस. म्हणून तर आपलं जमत नाही.

मी खाली उतरलो. पुढचं तू पाहिलंस, पण मागून पाहिलंस. तू गाडीच्या मागं उभी होतीस, तुला माझं तोंड दिसत नव्हतं. म्हणून लिहितो.

गॅलऱ्यांमध्ये लोक जमले होते. फुतोनच्या गाद्या वाळत घालायच्या निमित्तानं आलेले. आगो कठड्यावर कोपर टेकून. मी गाडी बाहेर काढली, वळवली, आरशात पाहिलं. आणि थांबलो. तुम्हाला वाटलं असेल, म्हातारा घाबरला.

सायोको, माझी मान डावीकडं वळत नाही हे खरं आहे. तुम्हाला वाटतं तसं या हिवाळ्यापासून नव्हे, दहा वर्षांपासून. दहा वर्षं मी मागं वळून पाहिलेलंच नाही. गरजच नव्हती. तुझी आई मागं उभी राहायची. पावसात छत्री घेऊन, बर्फात माझे गमबूट घालून. “ओराई, ओराई, जरा डावीकडं, ओराई.” थांब असं ती कधी म्हणायची नाही. नुसती गप्प व्हायची. ती गप्प झाली की मी ब्रेक दाबायचो. चाळीस वर्षांचा पट्टीचा ड्रायव्हर तो मी नव्हतो. आम्ही दोघं मिळून तो होतो.

ती गेल्यावर पहिल्यांदा बाजारातून आलो, गाडी मागं घ्यायला लागलो आणि मागून काहीच ऐकू येईना. मला वाटलं, गप्प झाली म्हणजे थांबायचं. ब्रेक दाबला. गाडी अर्धी रस्त्यात, अर्धी आत. तसाच बसून राहिलो. मग पुढं काढली, वळसा घातला आणि तोंड पुढं करून लावली. झाडाला धूर लागतो हे मला नंतर सुचलं. सुचलं ते खोटं नाही. पण नंतर सुचलं.

आगोच्या ओराईवर मी का आलो नाही, ते आता कळलं असेल.

तर मी आरशात पाहत थांबलो होतो. तेवढ्यात मागून तू ओरडलीस, “बाबा! या ना! ओराई, ओराई!” तुझा आवाज आईसारखा मुळीच नाही. तू ओरडतेस, ती गुणगुणायची. बरं झालं. तिच्यासारखा असता तर मला जमलं नसतं.

आलो मागं. तू थांब म्हटलंस तिथं थांबलो. गाडी सरळ, दोन्ही बाजूंना सारखी जागा. वरून टाळ्या आल्या. आगो खाली उतरून आला, टायरकडं वाकून बघितलं, उगीच लाथ मारली आणि म्हणाला, “जागा तुझी. लिहून घेतो.”

आणि मग मी काय केलं, त्यावर तू संतापलीस. मी गाडी पुन्हा बाहेर काढली, वळसा घातला आणि तोंड पुढं करून लावली.

“बाबा, हे काय? जमतंय ना!”

“जमतंय म्हणूनच. न जमणाऱ्यानं तोंड पुढं करून लावली तर ती लाचारी. जमणाऱ्यानं लावली तर ती मर्जी.”

तू कपाळाला हात लावलास. पण हसलीस. गेल्या ऑगस्टपासून पहिल्यांदा. चहाही पूर्ण घेतलास, दोनदा. जाताना तू म्हणालीस, “शब्द दिला तो दिला. परवान्याचं नाव काढणार नाही.” आणि काढलं नाहीस, अगदी गेटपर्यंत. गाडीत बसताना तोंड उघडून पुन्हा मिटलंस, तेही मी पाहिलं.

तेव्हा लिहून ठेव. कादोवाकी शुन्झो जिंकला. मंडळाविरुद्ध, सरकारविरुद्ध आणि पोटच्या पोरीविरुद्ध.

बाबा


मात्सुए, १९ जून

चि. सायोको,

हायड्रेंजियाचा फुलोरा निळा झालाय. देवळाच्या पायऱ्यांवर दोन्ही बाजूंनी, पावसात भिजून जड झालेला, पायरीवर डोकं टेकून झोपलेला. तुझ्या आईला तो आवडायचा नाही, म्हणायची, याला मान सावरता येत नाही.

आता मी जे सांगणार आहे ते नोत्सुबाई तुला सांगणार नाहीत. मी त्यांना सांगू नका म्हटलेलं नाही. त्याच म्हणाल्या, मी नाही सांगणार. म्हणून मला सांगावं लागतंय. दुसऱ्याच्या गप्प बसण्यावर जगायची मला सवय नाही.

गेल्या आठवड्यात, सकाळी, बाजाराला निघालो. गाडी तोंड पुढं करून उभी होती, म्हणजे बाहेर पडायचं ते मागं मागं. आरशात पाहिलं, रस्ता मोकळा. हळू सोडली. आणि गाडीच्या पाठीवर कोणीतरी तळहातानं धाडधाड मारलं.

ब्रेक दाबला. उतरलो. नोत्सुबाई मागच्या चाकापाशी उकिडव्या बसलेल्या, हातात गवताची मूठ. माझ्याच जागेच्या कडेचं गवत. त्या रविवारी मी कडव्यात गुंगून जे उपटलं नव्हतं ते. तिथं आरसा पोचत नाही. मान पोचली असती.

“लागलं का हो?” मला एवढंच विचारता आलं.

“नाही नाही,” त्या उठत म्हणाल्या. “माझीच चूक. मीच न सांगता बसले.”

त्यांची नव्हती. त्या बसल्या होत्या ती जागा बसायची होती. मी गाडी पुन्हा आत घेतली, किल्ली काढली आणि जिना चढून वर आलो. बाजार राहिला. दुपारी नोत्सुबाईंनी शिंपले आणून दिले. सकाळच्या बसनं जाऊन आणले होते, आणि संध्याकाळच्या बसची वाट न बघता चालत आल्या. मला ते बघवलं नाही.

मी दोन दिवस काही केलं नाही. कविता वाचल्या. एकीतही उत्तर नव्हतं. शाळेत शिकवलेल्या सगळ्या कविता नदीच्या, चंद्राच्या, दूर गेलेल्यांच्या. मागच्या चाकापाशी बसलेल्या बाईवर एकही नाही. मग मीच केली:

आरशात नसलेली बाई
उठून उभी राहिली.
आज पाऊसही हळू.

आणि तिसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात जाऊन परवाना परत केला.

थांब. आनंदाला घाई करू नकोस, पुढचं वाच.

आधी आगोकडं गेलो होतो, कारण जागा माझ्या नावावर आहे. त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं आता म्हणणार, बघ, मी म्हणत होतो. तो म्हणाला, “मग झाडासमोर आता कोण लावणार?” मी म्हटलं, “माझीच गाडी. नोत्सुबाई चालवणार.”

तुला माहीत आहे का, नोत्सुबाईंकडं परवाना आहे? तोही सोनेरी पट्टीचा, एकही चूक न केलेल्यांचा. केली नाही, कारण तीस वर्षांत गाडीला हातच लावलेला नाही. मी विचारलं तेव्हा त्या लाजून म्हणाल्या, “कादोवाकीसान, मला मागं घेता येतच नाही हो. पुढं तेवढं जमेल.” मी म्हटलं, “बाई, तुम्ही माझ्याच पंथातल्या.”

आता रोज सकाळी सराव चालतो. त्या चालवतात, मी शेजारी बसतो आणि तोंड बंद ठेवतो. हे तुझ्या आईला सांगितलं असतं तर तिनं मानलंच नसतं. परत आल्यावर त्या आवारात तोंड पुढं करून लावतात. बाहेर काढताना मी उतरून मागं जाऊन उभा राहतो आणि आगो रस्त्याच्या मधोमध हात पसरून सायकली अडवतो. शाळेत जाणारी पोरं त्याला सलाम करतात. तो दर वेळी मला बजावतो, “हे तुझ्यासाठी नाही. सार्वजनिक सुरक्षेसाठी.” कान लाल असतात.

तळ्यापलीकडं बाजार होतो, टेकडीवर देऊळ होतं, कवितेच्या बैठकीलाही नोत्सुबाई येऊन बसतात. परवा त्यांना पहिल्या फेरीतच झोप लागली. म्हणजे त्यांना कविता कळते.

पोलीस ठाण्यातलं राहिलंच. खिडकीपलीकडं एक तरुण मुलगी होती, फार गोड बोलणारी. तुमच्या त्या पत्रकातल्यासारखी फुलं नव्हती, पण तिनं दोन्ही हातांनी परवाना घेतला आणि वाकून म्हणाली, “इतकी वर्षं सांभाळून चालवलंत, आभारी आहोत.” मग कागद पुढं ओढला. “आजोबा, कारण काय लिहू? घरच्यांच्या सांगण्यावरून?”

“नाही.”

“मग आजारपण? दृष्टी?”

“नाही.”

“शरीर साथ देत नाही, असं काही?”

“मुळीच नाही.”

तिनं पेन थांबवलं. “काहीतरी लिहावं लागतं हो.”

“लिहा,” मी म्हटलं. “स्वतःच्या मर्जीनं. सगळ्यांशी भांडून, जिंकून झाल्यावर.”

ती एवढी हसली की पलीकडचा हवालदार वळून बघायला लागला. पण लिहिलं तिनं. ‘स्वतःच्या मर्जीनं’ एवढंच मावलं.

तेव्हा ऐक, सायोको. परवाना माझ्याकडं नाही, म्हणून त्यावरून तुला आता भांडता येणार नाही. एकटा गाडी चालवतो, ही काळजी नाही. जेवतो की नाही, तेही नोत्सुबाईंबरोबर गाडीनं बाजार होतो म्हणून विचारायचं कारण नाही. चिबाची खोली जावयाच्या गोल्फच्या काठ्यांना देऊन टाक, मी येणार नाही. मी इथंच राहणार, माझ्या जागेत माझी गाडी नाकासमोरच लागणार, आणि तुझ्याकडं माझ्याविरुद्ध आता एकही मुद्दा उरलेला नाही.

म्हणून आता नुसतीच ये.

बाबा